०.१७ की ०.०१३? लेड क्लोराइड, मीठ आणि कॉमन आयनचं गणित

पाटावरवंटा
नमस्कार मंडळी. माझी लेक बारावी सायन्सला आहे. मी कॉमर्सची, तिच्या केमिस्ट्रीत मदत करू शकत नाही, म्हणून इथे विचारते. गणित तिनेच मला सांगून लिहून घेतलंय. (घात टंकता येत नाहीत, तर १०^-५ म्हणजे दहाचा उणे पाचवा घात.)

लेड क्लोराइडचा केएसपी (विद्राव्यता गुणाकार) १.७ × १०^-५. त्याची ०.०१ मोलर (लिटरला ०.०१ मोल) मिठाच्या पाण्यातली द्राव्यता काढा.

क्लासच्या उत्तरपत्रिकेत रीत अशी: द्राव्यता एस धरा. शिशाचे आयन एस, क्लोराइड (०.०१ + २ एस). एस लहान आहे म्हणून २ एस सोडून द्या. मग एस × (०.०१)² = १.७ × १०^-५, म्हणून एस = ०.१७ मोलर.

लेकीचं म्हणणं: त्याच पानावर साध्या पाण्यातली द्राव्यता ०.०१६ मोलर आली आहे. कॉमन आयन इफेक्टने, म्हणजे क्षारातलाच एखादा आयन पाण्यात आधीच असला की, द्राव्यता कमी होते असं शिकवलं, आणि इथे मीठ घातल्यावर ती दहापट वाढली! तिने विचारलं तर "रीत बरोबर आहे, मार्क मिळतील, पुढचं गणित घे" एवढंच उत्तर मिळालं. दोन दिवस झाले, ती त्या पानावरून पुढे सरकायला तयार नाही. तिचं चुकतंय का?

खडीसाखर
ताई, लेकीचं अजिबात चुकत नाहीये. उत्तरपत्रिका चुकली आहे. मी एकतीस वर्षं ज्युनियर कॉलेजात हाच विषय शिकवला. उत्तर आल्यावर ते साध्या पाण्यातल्या उत्तराशेजारी ठेवून बघणारी मुलं मला बोटांवर मोजण्याइतकी भेटली. तिला आधी शाबासकी द्या, मग पुढचं वाचून दाखवा.

केएसपी म्हणजे काय, इथून सुरू करू. भांड्याच्या तळाशी न विरघळलेलं लेड क्लोराइड आहे आणि वरचं पाणी संपृक्त आहे, म्हणजे त्यात आणखी विरघळत नाही. त्या पाण्यात शिशाच्या आयनांची संहती (लिटरमागचं प्रमाण) गुणिले क्लोराइडच्या संहतीचा वर्ग हा गुणाकार ठरावीक तापमानाला ठरलेला असतो. क्लोराइड लेड क्लोराइडमधून आलं की मिठातून, याचा पाण्याला काही फरक पडत नाही. बाहेरून क्लोराइड वाढवलं तर गुणाकार राखायला शिसं खाली बसतं. १८८९ साली वॉल्टर नेर्न्स्टने हे मांडलं आणि आजही आपण तेच वापरतो.

साध्या पाण्यात: एस × (२ एस)² = ४ एस³ = १.७ × १०^-५. एस³ = ४.२५ × १०^-६, एस = ०.०१६२. म्हणजे क्लोराइड ०.०३२४ मोलर.

आता इथे थांबायचं. लेड क्लोराइड स्वतःच्या बळावर पाण्यात ०.०३२ मोलर क्लोराइड सोडतं. आपण मिठातून घालतोय फक्त ०.०१. मग ०.०१ + २ एस यातलं मोठं कोण? मोठं २ एस आहे! आणि उत्तरपत्रिकेने नेमकं मोठंच सोडून दिलं. "एस लहान आहे" हे वाक्य मुलं मंत्रासारखं म्हणतात. कशाच्या तुलनेत लहान, हे कुणी विचारत नाही.

न सोडता सोडवू: एस × (०.०१ + २ एस)² = १.७ × १०^-५. उत्तर ०.०१६ पेक्षा कमीच असणार, हे आधीच ठाऊक आहे.
एस = ०.०१६ घेतला तर डावी बाजू २.८ × १०^-५. जास्त.
एस = ०.०१० घेतला तर ०.९ × १०^-५. कमी.
एस = ०.०१३ घेतला तर ०.०३६ चा वर्ग ०.००१२९६, गुणिले ०.०१३ म्हणजे १.६८५ × १०^-५. आलं.

उत्तर ०.०१३ मोलर. ०.०१६ वरून ०.०१३. कमीच झालं, पण थोडं. एवढंसं मीठ घातल्यावर एवढाच परिणाम व्हायचा.

पाटावरवंटा
सर, खूप आभार. वाचून दाखवलं. तिने वही आपटली नाही, हळूच बंद केली आणि हसली. आता तीच लिहिते आहे:

सर नमस्कार. मी दुसऱ्या रीतीने करून बघितलं. ०.१७ हे उत्तर पुन्हा कंसात घालायचं आणि नवा एस काढायचा, असं युट्यूबवर सांगतात. ०.१७ घातल्यावर कंस ०.३५ झाला, एस आला ०.०००१४. तो घातल्यावर पुन्हा ०.१६ आला. मग परत ०.०००१६. हे थांबतच नाही. माझं कुठे चुकतंय?

खडीसाखर
बाळा, तुझं गणित बरोबर आहे, ती रीतच इथे चालत नाही. पहिला अंदाज जवळपास असेल आणि सोडलेली राशी लहान असेल, तेव्हाच ती जागेवर येते. इथे मात्र कंसाचा वर्ग आहे. एस जरा मोठा घेतला की भागाकार एकदम लहान येतो, लहान घेतला की एकदम मोठा. म्हणून चेंडूसारखी उडी बसते. अशा वेळी एक आकडा जास्तीचा, एक कमीचा पकडायचा आणि मधला घ्यायचा. ०.०१० कमी, ०.०१६ जास्त, मधला ०.०१३. कॅल्क्युलेटर नसला तरी जमतं.

आता हेच गणित ०.१ मोलर मिठात करून बघ. तिथे २ एस सोडून चालतं का, ते तूच मला सांग.

पाटावरवंटा
(लेक) एस = १.७ × १०^-५ भागिले ०.०१ = ०.००१७. २ एस = ०.००३४. ०.१ च्या पुढे ते ३.४ टक्के आहे. पुन्हा घालून बघितलं तर ०.००१६ वर थांबलं. उडी मारली नाही. म्हणजे इथे चालतं, बरोबर?

खडीसाखर
अगदी बरोबर. सोडलेली राशी ठेवलेल्या राशीच्या पाच टक्क्यांच्या आत असली तर पुस्तकं चालवून घेतात. आणि हा पडताळा उत्तर काढल्यावर करायचाच, तो गणिताचाच भाग आहे. साध्या पाण्यात ०.०१६, आणि इथे ०.००१६. दहावा हिस्सा.

शिंपला७७
धागा आवडला. मी एका औषध कंपनीच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) प्रयोगशाळेत आहे. एक भर घालतो, कारण मुलांचा इथे हमखास गोंधळ होतो.

कॉमन आयन दोन बाजूंनी देता येतो. मिठाऐवजी ०.१ मोलर लेड नायट्रेटचं द्रावण घ्या. आता शिसं ०.१ + एस आणि क्लोराइड २ एस. (२ एस)² × ०.१ = १.७ × १०^-५, यातून एस येतो ०.००६५, एस न सोडता काढलं तर ०.००६३. म्हणजे दोन्हीकडे ०.१ मोलरच घातलं, पण क्लोराइडने द्राव्यता ०.००१६ वर आणली आणि शिशाने फक्त ०.००६३ वर. क्लोराइडचा वर्ग होतो, शिशाचा होत नाही, म्हणून हा फरक.

आणि मुलं नेहमी विचारतात तो "दोनदा दोन का" हा प्रश्न. (२ एस)² मध्ये आतला २ हा मोजणीचा: एका लेड क्लोराइडमागे दोन क्लोराइड. बाहेरचा २ हा समतोलाच्या सूत्रातला घात. दोघांचं काम वेगळं. पण मिठातून आलेल्या ०.०१ ला आतल्या २ ने गुणायचं नाही, कारण ते मोजूनच घातलंय. परीक्षेत (२ × ०.०१ + २ एस) लिहिणारे कितीतरी असतात.

गावकूस
सर, प्रत्यक्षात हे आकडे इतके चोख येतात का? डिप्लोमाच्या प्रॅक्टिकलला आमचे कधीच आले नव्हते.

शिंपला७७
नाही येत, आणि ते सांगायलाच हवं. लेड क्लोराइडचंच घ्या. केएसपीवरून साध्या पाण्यात लिटरला साडेचार ग्रॅम विरघळायला हवं (०.०१६२ गुणिले २७८). पण २० अंश सेल्सिअसला प्रत्यक्ष मोजलेली द्राव्यता लिटरला सुमारे १० ग्रॅम आहे. दुपटीहून जास्त!

कारणं दोन. पहिलं, विरघळलेलं सगळं शिसं सुट्या आयनाच्या रूपात नसतं. त्यातलं बरंचसं एका क्लोराइडला धरून जोडीने फिरतं. केएसपीच्या सूत्रात फक्त सुटं शिसं मोजलं जातं, जोडीतलं नाही. दुसरं, पाण्यात आयनांची गर्दी झाली की प्रत्येकाभोवती उलट्या भाराचे आयन जमतात आणि त्याची परिणामकारक संहती कमी भरते. म्हणूनच ज्याचा काही संबंध नाही असं मीठ, समजा पोटॅशियम नायट्रेट, ०.१ मोलर घातलं तर सिल्व्हर क्लोराइडची द्राव्यता घटण्याऐवजी तीसेक टक्क्यांनी वाढते.

सिल्व्हर क्लोराइडची गंमत तर आणखी पुढची आहे. केएसपी १.८ × १०^-१०. साध्या पाण्यात द्राव्यता १.३ × १०^-५ मोलर. ०.१ मोलर मिठात पुस्तकी उत्तर १.८ × १०^-९. प्रत्यक्षात तिथे द्राव्यता १०^-६ च्या घरात असते, पुस्तकी आकड्याच्या हजारपटीच्या आसपास, कारण जास्तीचं क्लोराइड चांदीला दोन-दोनच्या गटाने धरून पुन्हा द्रावणात ओढतं. क्लोराइड वाढवत नेलं तर द्राव्यता आधी उतरते, ०.००२-०.००३ मोलरच्या आसपास तळ गाठते आणि मग परत चढते.

यामुळेच वजनी विश्लेषणात (पदार्थ साक्याच्या रूपात खाली पाडून त्याचं वजन करतात त्यात) अवक्षेप पाडताना अभिक्रियाकारक थोडासाच जास्त घालायचा असतो. आमच्याकडे नवीन आलेली मुलं "जास्त घातलं तर जास्त पडेल" म्हणून बीकर भरतात, आणि मग वजन कमी येतं.

खडीसाखर
बारावीच्या सॉल्ट अॅनालिसिसमध्ये क्षारातले धातू गटागटाने खाली पाडून ओळखतात. त्यात पहिल्या गटाला *विरल* हायड्रोक्लोरिक आम्ल घाला असं सांगतात, संहत नाही, त्यामागे हेच आहे. संहत आम्लात लेड क्लोराइडचा पांढरा साका परत विरघळतो. आणि शिसं पहिल्या गटात पूर्ण न पडता थोडं दुसऱ्या गटात का सापडतं, तेही आता कळेल: ०.०१६ मोलर ही काही लहान द्राव्यता नव्हे.

तिसऱ्या गटात अमोनियाच्या आधी अमोनियम क्लोराइड घालतात, तोही कॉमन आयनच. अमोनियम आयन वाढला की अमोनियातून हायड्रॉक्साइड कमी सुटतं. अॅल्युमिनियम आणि फेरिक लोहाला खाली बसायला तेवढं पुरतं, मॅग्नेशियमला पुरत नाही, म्हणून मॅग्नेशियम वर द्रावणात राहतं. हे न सांगता मुलांकडून नुसता क्रम पाठ करून घेतात याचं मला फार वाईट वाटतं.

क्षकिरण
मी रेडिओलॉजी तंत्रज्ञ. एक्स-रेआधी रुग्णाला बेरियम पाजतो, तेव्हा नातेवाईक विचारतात, बेरियम विषारी ना? विरघळलेलं बेरियम विषारीच. पण बेरियम सल्फेटचा केएसपी १.१ × १०^-१०, लिटरला जेमतेम अडीच मिलिग्रॅम विरघळतं. ०.०१ मोलर सल्फेट असलेल्या पाण्यात हजारावा हिस्सा. चुकून विरघळणारं बेरियम पोटात गेलं तर सोडियम किंवा मॅग्नेशियम सल्फेट देतात, ते याच हिशोबाने. बेरियम कार्बोनेट मात्र पोटातल्या आम्लात विरघळतं, त्याला इथे अजिबात जागा नाही.

आगरातला
आमच्या घराण्याची मिठागरं होती, रायगडात. आजोबा काट्याने पाण्याची डिग्री, म्हणजे बोमे मापातली घनता, बघायचे. समुद्राचं पाणी आटत आटत २५ डिग्री बोमेच्या आसपास आलं की वाफ्यात मीठ धरायला लागतं. त्याआधीच्या वाफ्यांत जिप्सम बसून जातं. २९-३० डिग्रीला उरलेलं कडू पाणी सोडून द्यायचं, नाहीतर मीठ कडवट होतं. त्या कडू पाण्यात मॅग्नेशियम क्लोराइड भरपूर. म्हणजे तिथेही क्लोराइड कॉमन आहे. मग मिठाचं गणित याच सूत्राने होईल का?

शिंपला७७
फार चांगला प्रश्न. परिणाम तोच आहे: मॅग्नेशियम क्लोराइड जितकं वाढतं तितकं मीठ द्रावणात कमी राहतं. संपृक्त मिठाच्या पाण्यात हायड्रोजन क्लोराइड वायू सोडला तर शुद्ध मीठ खाली पडतं, तेही यामुळेच. पण केएसपीचं साधं गणित तिथे लावू नका. मीठ १०० मिलि पाण्यात ३६ ग्रॅम विरघळतं. इतक्या गर्दीत संहती आणि परिणामकारक संहती यांचा मेळच बसत नाही. केएसपी अल्पविद्राव्य क्षारांसाठी. मिठागरात आजोबांचा काटाच खरा.

कोरडवाहू
उशिरा आलो. मी यवतमाळकडचा, भूजलाच्या कामात आहे. तुम्ही सगळे शिसं आणि चांदीबद्दल बोलताय, पण हे गणित आमच्या माणसांच्या दातांत आणि हाडांत दिसतं, म्हणून लिहितोय.

यवतमाळ, चंद्रपूर भागातल्या कित्येक बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात १ मिलिग्रॅम प्रति लिटर मर्यादा, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. फ्लोराइडचा एक स्रोत म्हणजे खडकातलं फ्लोराइट, कॅल्शियम फ्लोराइड. केएसपी सुमारे ३.५ × १०^-११. आता कॅल्शियम हा कॉमन आयन धरा.

साध्या पाण्यात फ्लोराइटमुळे फ्लोराइड ७.८ मिलिग्रॅमपर्यंत जाऊ शकतं.
पाण्यात कॅल्शियम लिटरला ४० मिलिग्रॅम, म्हणजे ०.००१ मोलर असेल, तर फ्लोराइडची कमाल ३.५ मिलिग्रॅम.
कॅल्शियम २०० मिलिग्रॅम असेल तर १.६.

म्हणजे कॅल्शियम जास्त असलेलं जड पाणी फ्लोराइडला स्वतःच लगाम घालतं. उलट जिथे पाणी मऊ, सोडियम बायकार्बोनेटचं, साबणाला छान फेस येणारं, तिथे कॅल्शियम कमी आणि फ्लोराइडला मोकळं रान. गावात गेलं की बायका सांगतात, "ही बोअर चांगली, डाळ पटकन शिजते." आणि फ्लोराइडच्या तपासणीत बऱ्याचदा तीच बोअर सगळ्यात वाईट निघते. हे सांगताना दर वेळी पोटात कालवतं.

आता तुमच्या मनात येईल, मग चुना टाकला की झालं! नुसत्या चुन्याने भागत नाही. कॅल्शियम २०० वर नेलं तरी हिशोबाने १.६ च येतं, आणि मर्यादा १ ची. शिवाय अवक्षेप सावकाश बसतो, प्रत्यक्षात हिशोबाइतकंही उतरत नाही. म्हणून नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने सत्तरच्या दशकात नलगोंडा पद्धत काढली, त्यात चुन्याबरोबर तुरटी असते. तुरटीतून अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे गोळे तयार होतात आणि फ्लोराइड त्यांच्यावर चिकटून खाली बसतं. ते केएसपीचं काम नाही, पृष्ठभागाचं आहे.

पाटावरवंटा
(लेक) काका, माझं आजोळ वणीकडे आहे. मामाने मागच्या वर्षी बोअरचं पाणी तपासून घेतलं होतं, त्याचा कागद आईच्या फोनमध्ये होता. कॅल्शियम ३२, फ्लोराइड २.१ मिलिग्रॅम प्रति लिटर. मी करून बघितलं. कॅल्शियम ३२ भागिले ४० हजार = ०.०००८ मोलर. फ्लोराइड २.१ भागिले १९ हजार = ०.०००११ मोलर. गुणाकार, फ्लोराइडचा वर्ग करून, ९.८ × १०^-१२. केएसपी ३.५ × १०^-११. म्हणजे गुणाकार केएसपीपेक्षा कमी आहे. याचा अर्थ पाणी अजून संपृक्त नाही, बरोबर ना? मग फ्लोराइड आणखी वाढू शकतं?

कोरडवाहू
बरोबर. अर्थही बरोबर लावलास. त्या कॅल्शियमला फ्लोराइडची कमाल सुमारे ४ मिलिग्रॅम येते, तुझ्या मामाच्या पाण्यात २.१ आहे. खडकात फ्लोराइट असेल तर पाण्याला आणखी विरघळवायला जागा आहे. उन्हाळ्यात पातळी खोल गेली की पाणी खडकात जास्त काळ मुरलेलं येतं, त्यामुळे एका तपासणीवर विसंबू नका. मे महिन्यात पुन्हा करून घ्या, आणि कॅल्शियमही आवर्जून मोजायला सांगा. बरेच जण नुसतं फ्लोराइड मोजून आणतात, मग हा हिशोबच करता येत नाही.

आणि २.१ म्हणजे आत्ताच मर्यादेबाहेर आहे. मामांना सांग, धुण्याभांड्याला वापरा, पिण्याला आणि स्वयंपाकाला नको. उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून वाढतं. घरात दहा वर्षांच्या आतली मुलं असतील तर आजच सांग.

पाटावरवंटा
दोन आहेत, सहा आणि आठ वर्षांची. आत्ताच फोन लावला भावाला. शेजारच्या वाडीत उघडी विहीर आहे, तिचंही पाणी तपासायला देतोय उद्या. कॅल्शियमसकट.